दर साडेपाच इंचांवर

आधी आम्ही कापड फाडायचो.
कडेला दातांनी एक चीर,
मग दोन्ही हात लांब,
टर्र आवाज गल्लीच्या टोकापर्यंत.
कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांत भिंतीला भिंत.
शेजारणीला कळायचं,
सगुणाने आज वाकळ शिवायला घेतली.

ते चाक आणलं नमिताने, हौसाबाईंच्या सुनेने,
सीवूड्सच्या कुठल्याशा क्लासातून.
पिवळी मूठ, पुढे गोल पातं,
आणि एक हिरवी जाड चटई,
गणिताच्या वहीसारख्या चौकटींची.
हौसाबाईंनी हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.
"अगं, हे तर कातणं.
करंज्या कुठायत?"
आम्ही हसलो.
नमिता हसली नाही.
तिने पातं उघडून दाखवलं, झाकून दाखवलं,
पुन्हा उघडून, पुन्हा झाकून,
लहान पोराला गॅसचं बटण दाखवावं तसं.

अंजिराने हातच लावला नाही.
म्हणाली, फाडताना कापड सांगतं
त्याचा धागा कुठून चाललाय.
याला काय,
तू म्हणशील तिकडे जाईल.
ती अजून फाडते.
तिचे तुकडे तिरपे नसतात,
आमचे कधी कधी असतात.

मी धरलं दुसऱ्या दिवशी.
सहा थर एकावर एक, काचेची पट्टी, वर डावा हात.
उभं राहून दाब द्यायचा, आपल्यापासून लांब ढकलायचं.
आयुष्यभर सगळं मांडी घालून केलेलं,
पोटाकडे ओढून.
ढकलताना वाटलं, कुणाला तरी घराबाहेर काढतेय.
सहाही थर सरळ कापले गेले
आणि सातवा.
सातवा माझाच पदर होता.
त्याचा चौकोन वाया कशाला घालवा,
म्हणून त्याच वाकळेत लावला.
बचत गटाच्या स्टॉलवर ती खारघरच्या एका बाईंनी नेली.
माझ्या पदरावर तिकडे कोण झोपतं,
माहीत नाही.

चतुराने तर दिवाळीत
तेच चाक शंकरपाळ्यांवर चालवलं.
नमिता दोन दिवस कुणाशी बोलली नाही.
पण शंकरपाळे, खरं सांगते,
एकाला झाकावं आणि दुसरा काढावा.

एवढंच सांगणार होते.
पण यांचे सदरे राहिले.

यांचे सदरे तीन वर्षं पेटीत होते.
कांदा-बटाटा मार्केटचे, उजव्या खांद्यावर विरलेले,
धुऊन धुऊनही गोणीचा वास जात नव्हता.
सगळ्या म्हणायच्या, वाकळ कर,
माणूस पांघरायला मिळतो.
फाडायला घेतला होता एकदा.
दातात कड धरली आणि सोडून दिली.
तो आवाज
मला या गल्लीला ऐकवायचा नव्हता.

चाकाला आवाज नाही.
एका दुपारी पेटी उघडली,
दार लोटून घेतलं,
निळा सदरा चटईवर ताणला.
बाह्या सुटल्या. पाठ सुटली.
गळ्याजवळचं एक बटण दुमडीत राहिलेलं,
ते दिसलं नाही.
कट्.
एवढाच आवाज.

बटणाचे दोन तुकडे, पात्याला एक खाच.
तेव्हापासून चाकाचा एक फेरा झाला
की एक धागा कापायचा राहतो.
मी टेपने मोजलं,
दर साडेपाच इंचांवर एक.
बाकी सगळं स्वच्छ सुटतं
आणि त्या एका धाग्यावर
कापड कापडाला धरून बसतं.

नमिताने नवं पातं आणून दिलं,
तेलकट कागदात, इवल्या डबीत.
डबी शेल्फवर आहे, डाळीच्या बरण्यांमागे.
ती विचारते, मी म्हणते, बसवते गं.

मग दुपारी चटईवर वाकते,
राहिलेला धागा दातात धरते आणि तोडते.
पुढचा एक दात हलायला लागलाय.